रंगा, तोंडाचं तेवढं राहिलंय

रंगा, तुझा फोटो रंगवायचं काम माझ्याकडे आलंय. दशक्रियेला चार दिवस राहिलेत. तुझी पोरं फ्लेक्स करायचा म्हणत होती, पण सुमनवहिनींनी ऐकलं नाही. "पेंटर भाऊजी जित्ते असताना ह्यांचा फोटू मशिनीतनं काढायचा व्हय?" असं म्हणाल्या. ज्याने जन्मभर मशिनींवर पोट भरलं त्याच्या बायकोच्या तोंडचं हे वाक्य तू ऐकायला हवं होतंस. तर आता माझ्या दुकानात अडीच बाय तीनची फळी उभी आहे. कपाळ झालंय, डोळे झालेत, नाक जसं होतं तसंच पुढे आलंय. तोंड राहिलंय.

नमुन्याला वहिनींनी दिलाय तो बँकेच्या पासबुकावरचा फोटो. काष्टीपासून दौंडपर्यंत किती लग्नं शूट केलीस त्याला मोजदाद नाही, पण तुझा स्वतःचा धड एक फोटो घरात सापडेना. तू कायम कॅमेऱ्याच्या मागे. त्या पासबुकात तर तू असा बघतोयस, जणू समोरच्या फोटोवाल्याने तुझी वायर चोरलीय. ओठ घट्ट मिटलेले. वहिनी म्हणतात, असेच काढा. मी सकाळपासून ब्रश धुतोय, पुसतोय, परत धुतोय. तुला माहीत आहे मी कुठे अडकलोय ते. मेलेल्या माणसाच्या तोंडावरून आपलं एकदा भांडण झालंय, आणि ते अजून मिटलेलं नाही.

नव्या वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो, तू मध्ये बोलू नकोस. तुझा धंदा लाऊडस्पीकरचा. कर्णे, अॅम्प्लिफायर, जनरेटर, आणि नव्वदच्या दशकात व्हिडिओ शूटिंग आलं तशी त्यात ही भर. एकदा पुण्याच्या कुणा शूटिंगवाल्याकडून तू एक जुना परदेशी कॉम्प्युटर घेऊन आलास. अख्खा कॉम्प्युटर की-बोर्डच्याच पोटात, पडदा म्हणून घरचा टीव्ही. त्याला स्वतःची आठवण अशी काही नव्हतीच. चालू केला की एक फ्लॉपी मागायचा, ती घातली की जागा व्हायचा. तिला आपण 'उठवायची फ्लॉपी' म्हणायचो. लग्नाच्या कॅसेटवर वधूवरांची नावं फिरत फिरत यावीत म्हणून तू तो आणलास, आणि आणल्यावर तुला कळलं की त्याला मराठी अक्षरच येत नाही. मग तू सायकलवर माझ्या दुकानी आलास.

मी तेव्हा एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होतो. तू खाली उभा राहून म्हणालास, "पेंटर, तुझ्या हाताला काम हाय. पर ब्रश न्हाई लागायचा."

"मग काय लागंल?"

"उंदीर."

तो माऊस हातात धरून मी एकेक ठिपका मांडत सगळी बाराखडी काढली. 'क्ष'ने घाम काढला, 'ळ' तर तीनदा केला. पहिल्यांदा टीव्हीवर 'शुभविवाह' सरकत गेलं तेव्हा तू जनरेटरवाल्या तुझ्या गड्यापासून शेजारच्या पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना बोलावून आणलंस. त्या दिवसापासून तुझ्या प्रत्येक कॅसेटच्या शेवटी 'अक्षरे : पेंटर' असं यायला लागलं. माझं नाव मिलिंद आहे हे गाव तेव्हापासूनच विसरलं, तो दोष तुझा.

मग माझ्या बहिणीचं, सुजाताचं लग्न ठरलं. आमच्या वस्तीतली ती पहिली व्हिडिओ कॅसेट असणार होती. तुझ्या सगळ्या कॅसेटी गणपतीच्या चित्राने सुरू व्हायच्या. ते तू न सांगता बाजूला काढलंस, मला 'मंगल परिणय' लिहायला सांगितलंस, बुद्धमूर्तीचं चित्र काढायला लावलंस. मला हे सांगावं लागलं नाही, याचं तेव्हा फार बरं वाटलं होतं. तुझ्यापाशी बोललो नव्हतो, आत्ता बोलतोय. मग तू डोकं खाजवत म्हणालास, "मूर्तीनंतर पोरीचा बाप पायजे. बापाबिगर नवरीची कॅसेट मी न्हाई दिली कुनाला."

मी म्हणालो, "रंगा, बापाचा फोटो न्हाई आमच्याकडं."

आमचे वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि सुजाता पाळण्यात. मला त्यांचं फक्त खोकणं आठवतं आणि पायातल्या वहाणा. चेहरा नाही. तुला आठवत होता, कारण वडील कारखान्याचा सीझन संपला की तुमच्या मळ्यात कामाला यायचे. तू तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा, त्यांची भाकरी आणि तुझी भाकरी एकाच बांधावर सुटायची. माझ्या बापाचा चेहरा माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे ही गोष्ट मला आवडायची नाही. खरं सांगतो, अजिबात आवडायची नाही.

एकच फोटो जगात होता. साखर कारखान्याच्या जुन्या पासावरचा, आणि तो पास पुण्याला आत्याकडे, तिच्या ट्रंकेत. भावाची तेवढीच खूण म्हणून ती तो कुणाच्या हातात द्यायची नाही. आत्याचा मुलगा छापखान्यात कामाला होता. तिथे नवं मशीन आलं होतं, फोटो आत घातला की तो कॉम्प्युटरवर दिसायचा. त्याने तो पास त्यात घातला, फ्लॉपीवर उतरवला, आणि फ्लॉपी दोन पुठ्ठ्यांत घालून, पाकिटात बंद करून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिली. मी स्टँडवरून ती पोटाशी धरून तुझ्याकडे आणली. तीस वर्षांचा होत आलेला माणूस, आणि बापाचा चेहरा पहिल्यांदा बघायला निघालेला.  तू लगेच मशीन चालू केलंस.

फ्लॉपी घातली. फाईलचं नाव दिसलं. वडिलांचंच नाव दिलं होतं, इंग्रजीत, आठ अक्षरांत बसवून. उघडायला गेलो तर मशीन म्हणालं, ही कुठल्या जातीची फाईल आहे ते मला माहीत नाही.

तू हसलास. मी हसलो नाही. 

पुण्याच्या मशीनची चित्रं एका पद्धतीने बांधलेली, आपल्या मशीनला दुसरीच पद्धत कळायची. तू मुंबईच्या एका गृहस्थांना पत्र टाकलंस. सरकारी कचेरीत कारकून होते ते, आणि त्यांच्याकडे आपल्यासारखंच मशीन होतं. त्यांचं उत्तर आलं की यावर इलाज आहे. एक लहानसा प्रोग्राम मिळतो, तो 'उठवायच्या फ्लॉपी'त नीट जागी बसवला की मशीनला त्या जातीच्या फाईली वाचता येतात. ते पाठवून देतील. तू त्याला लगेच 'दुभाष्या' नाव ठेवलंस. "दुभाष्या येतोय मुंबईवरनं," असं गिरणीत सांगत फिरलास. लोकांना वाटलं कुणी माणूस येतोय. एका म्हातारीने तर तो जेवायला काय खातो ते विचारलं.

दुभाष्याला यायला तीन आठवडे लागले. आणि याच तीन आठवड्यांत तू तो पराक्रम केलास.

तुझ्याकडे मोलाची वस्तू ठेवायची जागा एकच होती. कर्ण्याच्या मागे जे जड युनिट असतं, त्याचं लाकडी खोकं. आत घोंगडीचं अस्तर, वर कडीकुलूप. टेम्पो खड्ड्यातून गेला तरी आतल्या वस्तूला धक्का लागायचा नाही. जमिनीचे कागद, वहिनींच्या पाटल्या, पोरांचे दाखले, सगळं त्या खोक्यात. माझ्या बापाची फ्लॉपी तू तिथेच ठेवलीस, नवीन युनिटाला टेकवून, आणि मला अभिमानाने सांगितलंस, "पेंटर, आता भूकंप झाला तरी तुझ्या बापाला काय हुत न्हाई." त्या युनिटात पाव किलोचं लोहचुंबक असतं. हे गावात सगळ्यात चांगलं तुलाच माहीत होतं. फ्लॉपीच्या पाकिटावरच चुंबकाला फुली मारलेलं चित्र होतं. पण तुझ्या डोक्यात ती फ्लॉपी नव्हतीच, माझा बाप होता. आणि माणसाला चुंबकाने काय होतंय? असा तो हिशोब. मी हे आज समजून सांगतोय. तेव्हा समजून घेतलं नव्हतं.

दुभाष्या आला तो बाजारचा दिवस होता. लग्नाला आठ दिवस राहिलेले. बाहेर बैलांचा, टेम्पोंचा, भोंग्यांचा गोंधळ, आणि आत आपण दोघं टीव्हीसमोर सतरंजीवर. कारकुनांनी सोबत दोन पानी पत्र लिहिलं होतं, अक्षर असं की मी पेंटर असून लाजलो. दोन फाईली होत्या. एक या कप्प्यात, दुसरी त्या कप्प्यात, मग मशीन बंद करून चालू करा. एवढंच. आपण पहिल्यांदा दोन्ही एकाच कप्प्यात घातल्या. मशीन उठलं आणि तेच म्हणालं, ही कुठल्या जातीची फाईल. परत पत्र वाचलं. तू वाचायचास, मी बोट ठेवायचो. दुसरी फाईल तिच्या कप्प्यात घालायला गेलो तर मशीन म्हणालं, जागा नाही.

जागा करायची तर काहीतरी पुसायला हवं होतं. 'उठवायच्या फ्लॉपी'त एक बोलका प्रोग्राम होता. टाईप केलेलं तो वाचून दाखवायचा, साहेबाला पडसं झाल्यासारख्या आवाजात. तुझा तो जीव की प्राण. वरातीच्या आधी कर्ण्याला जोडून तू त्याच्याकडून "सोयरे मंडळी, चहा घ्या" म्हणवून घ्यायचास, आणि तीन गावांतून लोक ते ऐकायला यायचे. तू त्या नावाकडे थोडा वेळ बघितलंस.

"पूस ह्याला," तू म्हणालास.

"आरं, परत कुठनं आनशील?"

"न्हाई आनलं तर न्हाई. चहा घ्या म्हनायला माझं तोंड हाय की."

पुसला. मग एकाच खाचेत दोन फ्लॉप्या आळीपाळीने घालत बसलो. ही काढा, ती घाला, ती काढा, ही घाला. मध्येच लाईट गेली. तू शिवी हासडून उठलास, मांडवाला लावायचा जनरेटर ओढत अंगणात आणलास आणि सुरू केलास. वहिनी पदराने कान झाकून बाहेर आल्या. "फोटूसाठी जनरेटर?" त्यांनी विचारलं. "व्याही येणार हायती आज," तू ओरडून सांगितलंस. त्या खरंच चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

मशीन उठलं. फाईलवर माऊस नेला, दाबलं. काही बोललं नाही. फ्लॉपी करकरली. आणि टीव्हीच्या वरच्या कडेपासून, एकेक ओळ, चित्र उतरायला लागलं.

आधी टोपी. मग कपाळ, त्यावर दोन आडव्या रेघा. मग भुवया. मग डोळे. रंगा, ते डोळे सुजाताचे होते. मी तिला जन्मापासून बघतोय, आणि मला माहीतच नव्हतं की ते कुणाचे आहेत. मग नाक उतरलं. तू माझा दंड धरला होतास, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ होता. नाकाच्या खाली डाव्या गालावर एक काळी वळणदार कड दिसली, मिशीचं टोक वर वळल्यासारखी. आणि तिथे फ्लॉपी अडखळली, खाडखाड वाजली, आणि खाली नुसते राखाडी पट्टे.

परत लावलं. परत नाकापर्यंतच. दहा वेळा लावलं. तू खोक्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि तुझा चेहरा असा उतरला की मला काही विचारावं लागलं नाही. तरी मी बोललो. जे बोललो ते इथे लिहीत नाही, तुला पाठ आहे. पुण्याला फोन लावला. छापखान्यातल्या मशीनवरून फोटो केव्हाच पुसला गेला होता. आणि पास? तर आत्या म्हणाली, पास मी त्याच पाकिटातून पाठवला, तुझ्या आईने एकदा बघावा म्हणून. आपण पाकीट उलटंसुलटं केलं. पास नव्हता. मी म्हणालो, आत्याला द्यायचा नव्हता म्हणून आता असं सांगते. 

दुसऱ्या दिवशी तू स्वतः घरी आलास. "पेंटर, वरचं दुभाष्यानं दिलंय. खालचं आपुन काढू. तू काढ, मी सांगतो."

तसे आपण बसलो. चार दुपारी. मी ठिपके मांडत होतो आणि तू डोळे मिटून माझा बाप आठवत होतास. हनुवटी रुंद, गळ्याची घाटी मोठी, कानाची पाळी चिकटलेली. त्या काळ्या कडेला जोडून मी झोकदार पिळाची मिशी काढली. तू म्हणालास, "मिशी एवढी न्हवती रं." मी म्हणालो, फोटोत दिसतंय ना टोक? फोटो काय खोटं बोलतोय? मग ओठांवर आलो आणि भांडण झालं. तू म्हणालास, तो हसायचा, डाव्या बाजूने, पडका दात दिसेल असा. मी आईला विचारून आलो होतो. आई म्हणाली होती, घरात कधी हसताना बघितला नाही, यायचा, जेवायचा, झोपायचा. मी ओठ मिटलेले काढले. तू म्हणालास, "आरं, हा मानूस न्हाईच तो." मी म्हणालो, बाप माझा आहे.

लग्न झालं. चौथ्या दिवशी तू कॅसेट घेऊन घरी आलास, टीव्हीही तूच आणलास. दुपारची वेळ, दारात वस्ती गोळा झालेली. मूर्ती आली, 'मंगल परिणय' आलं, मग कैलासवासी न लिहिता 'कालकथित' असं मी लिहिलेलं आलं, आणि त्याखाली वडील. हसत होते.

तू दोन ठिपके हलवले होतेस. मला लगेच कळलं, माझं चित्र मला पाठ होतं. ओठाचा डावा कोपरा दोन ठिपके वर. बस. दात नाही, बाकी काही नाही. पण माणूस बदलला होता.

मी सगळ्यांदेखत उठलो. "माझ्या बापाच्या तोंडाला हात लावायला तुला कुनी सांगितलं?" आणि पुढे ते बोललो, जे माझ्या मनात चार दुपारी साचत होतं. "मालकाच्या पोरापुढं हसावंच लागतंय गड्याला. त्याला तू हसू म्हनतोस?"

 तू टीव्हीची वायर हातात धरून उभा होतास. तेव्हा आई बोलली. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली होती, मोतीबिंदूचे डोळे बारीक करून. "मिशी काय तरी निराळीच काढलीया," ती म्हणाली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं मिलिंद. माज्याकडं बघून एकदा तरी हसला. रंगा, पयल्यापासनं लाव."

आई होती तोवर ती कॅसेट किती वेळा लागली ते तुला ठाऊक आहे. फिरवून फिरवून पहिल्या दोन मिनिटांत पांढऱ्या रेघा आल्या होत्या. तू दोनदा नवी करून दिलीस.

तू महिनाभर माझ्याशी बोलला नाहीस, किंवा मी तुझ्याशी. मग एक दिवस दुकानासमोर तुझा टेम्पो थांबला. तुला टेम्पोवर नाव रंगवून हवं होतं. मी रंगवायला लागलो. तू मडगार्डला टेकून उभा, दुसरीकडे बघत म्हणालास, "पेंटर, तो माझ्यापुढं हसत न्हवता. तो मला हसायचा. मला दारं धरता येत न्हवतं. पानी एका वाफ्याला सोडायचं तर मी दुसऱ्याला सोडायचो, आन चिखलात बसायचो. 'मालक, तुमी आपलं भोंगं वाजवा' म्हनायचा मला. त्याच्यामुळं तर मी ह्या धंद्यात आलो."

 मी म्हणालो, रंग वाळू दे. मला ते खरं वाटलं होतं, रंगा, पण मान्य करायची माझी तयारी नव्हती. त्याऐवजी मी सोपं काम धरलं. 'ह्याने चुंबकाने माझ्या बापाचं तोंड पुसलं' ही गोष्ट मी पंचवीस वर्षं चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगितली. लोक हसायचे, तूही हसायचास. मी ती दरवेळी रंगवून सांगायचो. गेल्या हिवाळ्यात एकदाच तू म्हणालास, "पेंटर, लई झालं आता." मी म्हणालो, बरं. त्यात जे म्हणायला हवं होतं ते म्हणालो नाही. वाटलं, आहे की रंगा, कुठे जातोय.

आज सकाळी वहिनींनी ते खोकं माझ्याकडे पाठवलं. "भाऊजी, तुमचं काय असंल त्यात तर बघून घ्या," असा निरोप. कुलूप गंजलेलं. आत युनिट तसंच, घोंगडी तशीच. मुंबईच्या कारकुनांचं पत्र, चार घड्या घालून. ती फ्लॉपी. आणि युनिट हलू नये म्हणून बाजूला खुपसलेले पुठ्ठे. तू आयुष्यात काही टाकून दिलं नाहीस, एसटीने आलेल्या पाकिटातले पुठ्ठेही नाहीत. छापखान्याचा पुठ्ठा, कडेला रंगाचे ठिपके. मी तो ओळखला. हाताला जाड लागला. तो एक पुठ्ठा नव्हताच, दोन पातळ पुठ्ठे चिकटपट्टीने एकमेकांना चिकटवलेले होते. ते कुणी कधी सोडवले नव्हते, तूही नाही, मीही नाही. मी पटाशीने सोडवले.

मध्ये पास होता. आत्याने पाठवलेला. ती म्हातारी शेवटपर्यंत खरं सांगत राहिली आणि मी शेवटपर्यंत नाही म्हणत राहिलो. तिचीही माफी राहिलीच.

लगेच फोटो बघायची हिंमत झाली नाही. चहा सांगितला, चहा प्यायलो, मग चष्मा पुसून उजेडात नेला. टोपी, कपाळ, डोळे, नाक, जसं दुभाष्याने उतरवलं होतं तसंच. आणि त्याच्या खाली, नाकापासून हनुवटीपर्यंत, कारखान्याचा गोल जांभळा शिक्का. असा दाबून मारलेला की खाली तोंड आहे की नाही तेही कळत नाही. मी भिंग लावून बघितलं. उन्हात धरून बघितलं. काही दिसत नाही. आणि ती मिशी, जी मी एवढ्या तोऱ्यात काढली, ती त्या शिक्क्याची कड आहे. तू म्हणाला होतास, मिशी एवढी नव्हती.

मी दुकानात एकटाच हसायला लागलो. पलीकडचा सायकलवाला डोकावून गेला. त्याला काय सांगणार? की फ्लॉपी चुंबकाला टेकली नसती, दुभाष्याने अख्खा फोटो उतरवला असता, तरी बापाचं तोंड मला मिळालं नसतं. ते कुठल्या फाईलीत नव्हतंच. ते एका माणसाला आठवत होतं, त्याने ते दोन ठिपक्यांत काढून दिलं, आणि त्याच माणसाला मी पंचवीस वर्षं टपरीवर चोर ठरवलं. माझं चुकलं, रंगा. हे फार आधी म्हणायचं होतं. तू मला बाप दिलास, आणि आईला हसरा नवरा दिलास. आणि तो तुलाच हसायचा, हे मान्य. शंभर वेळा मान्य.

जेवणाच्या वेळी वहिनी फळी बघायला आल्या होत्या. पासबुकातला फोटो पुढे धरून म्हणाल्या, "असंच गंभीर काढा हं भाऊजी. घरात तरी मी ह्यांना कुठं हसताना बघितलं?"

मी हो म्हणालो. त्या गेल्यावर ओठ मिटलेलेच काढले, पासबुकात आहेत तसे. मग बारीक ब्रश घेतला आणि डावा कोपरा दोन ठिपके वर केला.

नसेल पटलं तर ये, आणि हलवून दाखव.